गाडीने स्पिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात स्वतः गाडी चालवत जायचं म्हटलं की ठरावीक प्रश्न येतातच. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उंची आणि अंतरं ढोबळ आहेत; रस्ते दरवर्षी थोडेफार सरकतात.

१. स्पिती नक्की कुठे आहे? लडाखमध्येच येतं ना?

नाही. स्पिती हिमाचल प्रदेशात, लाहौल-स्पिती जिल्ह्यात आहे. स्पिती नदी कुंझुमच्या बाजूने निघते, काझा (स्पितीचं मुख्य गाव) आणि ताबोवरून वाहत किन्नौरात उतरते आणि खाबला सतलजला मिळते. मोसमी ढग हिमालयाच्या दक्षिण उतारांवरच रिकामे होतात, त्यामुळे इथे पाऊस फार थोडा. डोंगर उघडेबोडके, शेती फक्त पाटाच्या पाण्यावर. गाडीवाले करतात ती फेरी अशी: शिमला, रामपूर, किन्नौर, नाको, ताबो, काझा, मग कुंझुम खिंड ओलांडून मनाली. पूर्वार्धात सफरचंदाच्या बागा आणि देवदार, उत्तरार्धात दगड आणि आभाळ.

२. कोणत्या महिन्यात जावं? मुलांना सुट्टी मे महिन्यातच असते.

मेमध्ये काझापर्यंत जाता येतं, पण फेरी पूर्ण होण्याची खात्री नसते. कुंझुम खिंड (सुमारे ४,५५० मीटर) साधारण मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत उघडते आणि ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात बर्फाने बंद होते. म्हणून मेमध्ये जायचं तर शिमल्याकडून काझा आणि त्याच रस्त्याने परत, असंच ठरवून निघा. यात कमीपणा काही नाही. किन्नौर दोनदा बघायला मिळतं.

जुलै-ऑगस्टमध्ये स्पिती कोरडंच असतं आणि लोक तिथेच फसतात. काझाचं हवामान बघून निघतात, पण काझाला जायचा रस्ता किन्नौरातून जातो आणि दरडी तिथे कोसळतात (प्रश्न १२).

आमचं मत विचाराल तर गणपती उरकून, सप्टेंबरच्या मध्यानंतर निघावं. नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं, हवा स्वच्छ असते, किन्नौरात सफरचंदांची तोडणी चालू असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नदीकाठचे विलो आणि पॉपलर पिवळे पडतात. दिवाळीच्या सुट्टीत मात्र रात्री पारा शून्याखाली जातो, चंद्रताल तळ्याजवळचे तंबू उठलेले असतात आणि कुंझुम कधीही बंद होऊ शकते.

३. किती दिवस काढावेत?

चंदीगड ते चंदीगड दहा दिवस, आणि वर दोन कोरे. कोरे म्हणजे त्यांवर काहीही न लिहिलेले. सात दिवसांत फेरी करणारे आहेत, पण त्यांचा एक जरी दिवस दरडीत किंवा डोकेदुखीत गेला की पुढचं सगळं धावपळीत होतं, आणि या रस्त्यावर धावपळ हाच धोका. पुण्या-मुंबईहून गाडी घेऊन जाणार असाल तर प्रश्न ६ बघा.

४. शिमल्याकडून चढावं की मनालीकडून? मनालीहून तर अंतर निम्मंच दिसतं.

शिमल्याकडून चढा, मनालीकडे उतरा. हा एक निर्णय बरोबर झाला की गाडी कोणती आणि हॉटेल कोणतं, यांत थोडं चुकलेलं चालतं.

मनाली ते काझा २०० किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. शिमला ते काझा याच्या दुप्पट. नकाशा म्हणतो मनाली. पण उंची बघा. मनाली २,०५० मीटरवर आहे. सकाळी तिथून निघालात की दुपारी कुंझुमवर ४,५५० मीटरला असता आणि मुक्काम काझाला, ३,७०० मीटरवर. एका दिवसात शरीराला हे झेपलं तर नशीब.

शिमल्याकडून हीच चढण पायऱ्यापायऱ्यांनी होते: शिमला २,२००, नारकंडा २,७००, मध्येच रामपूरला थेट हजार मीटरपर्यंत उतार, मग कल्पा २,९००, नाको ३,६००, ताबो ३,३००, काझा ३,७००. नाकोला झोपून ताबोला उतरलात की काझा जवळपास घरच्यासारखं वाटतं. कुंझुम येते ती शेवटी, शरीर तयार झाल्यावर.

दुसरं कारण रस्त्याचं. फेरीतला सर्वांत वाईट पट्टा म्हणजे कुंझुमच्या अलीकडचं लोसर ते पलीकडे मनालीच्या वाटेवरचं ग्राम्फू. तो शेवटी आला तर तोवर तुमचा हात बसलेला असतो, आणि काझात आदल्या दिवशी मनालीकडून आलेल्या माणसाला विचारूनच निघता येतं.

अपवाद एकच: काही कारणाने किन्नौरचा रस्ता बंद असेल आणि मनालीकडूनच जावं लागत असेल, तर आधी लाहौलमध्ये सिस्सू किंवा केलाँगला (दोन्ही तीन हजारांच्या थोडं वर) किमान दोन रात्री काढा आणि मगच कुंझुमकडे वळा.

५. मुक्काम कुठे कुठे करावेत?

पहिली रात्र शिमल्यात न थांबता नारकंड्याला काढा. दुसऱ्या दिवशी शिमल्याची गर्दी मागे राहिलेली असते. दुसरी आणि तिसरी किन्नौरात. सांगला-चितकुल आणि कल्पा दोन्ही जमलं तर उत्तम. एकच निवडायचं तर कल्पा, कारण खिडकीतून समोर किन्नर कैलास आणि उंचीची सवयही होते. चौथी नाको. पाचवी ताबो, वाटेत सुमदोच्या पुढे ग्यू गावचा फाटा लागतो, तिथे बसलेल्या अवस्थेतला एका भिक्षूचा नैसर्गिकरीत्या टिकलेला देह काचेआड ठेवला आहे. मग काझाला तीन रात्री. धनकर ताबोहून येता येता, आणि की, किब्बर, चिचमचा पूल एक दिवस, लांगझा, हिक्कीम, कोमिक दुसरा दिवस. वेळ असेल तर पिन खोऱ्यात मुधपर्यंत जाऊन या. चंद्रतालचा मुक्काम ऐच्छिक आहे (प्रश्न ११), त्यानंतर मनाली.

काझा-मनालीचा टप्पा सोडला तर एका दिवसात दीडशे किलोमीटरच्या वर आखू नका. नकाशाच्या ॲपवर चार तास दिसले तर सहा धरा. घाटात ताशी वीस-पंचवीसचा वेग म्हणजे चांगलाच वेग.

६. पुण्याहून स्वतःची गाडी न्यावी की चंदीगडला भाड्याने घ्यावी?

पुणे किंवा मुंबई ते चंदीगड साधारण सतराशे किलोमीटर, म्हणजे आरामात जायचं तर जाताना अडीच-तीन दिवस आणि येतानाही तेवढेच. रजा सतरा-अठरा दिवसांची असेल आणि दोघं चालवणारे असतील तर न्या. नाहीतर हे सहा दिवस स्पितीत घाला आणि चंदीगडपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जा. कोकण आणि गोव्याच्या मंडळींना मडगावहून थेट चंदीगडला जाणारी गोवा संपर्क क्रांती आहे, ती पनवेललाही थांबते.

भाड्याची गाडी घेताना पाटी बघा. स्वतः चालवण्यासाठी रीतसर भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची 'मित्राची गाडी' स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि स्थानिक टॅक्सीवालेही ती अडवतात.

७. आमची साधी हॅचबॅक आहे. फोर बाय फोर लागतेच का?

शिमला ते काझा कुठलीही धड गाडी जाते. त्या रस्त्यावर राज्य परिवहनची बस चालते. प्रश्न फक्त लोसर ते ग्राम्फूचा. तिथे लांबच लांब डांबरच नाही, मोठे धोंडे आहेत आणि छत्रूच्या आसपास रस्त्यावरून वाहणारे नाले आहेत. तिथे फोर बाय फोरपेक्षा गाडीच्या पोटाची उंची महत्त्वाची. खाली बसणारी सेडान, चार माणसं आणि भरलेली डिकी असेल तर त्रास होणारच. ऑक्टोबरात पाणी कमी असताना हॅचबॅक निघते. जूनअखेरीला, बर्फ वितळण्याच्या दिवसांत, आम्ही नेणार नाही.

नाल्याचं गणित घड्याळावर चालतं. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारी पाणी वाढतं. पहाटे तोच नाला घोट्याएवढा असतो. म्हणून काझाहून सहाच्या आत निघा. पाण्यात उतरण्याआधी थांबून पुढची गाडी कुठून जाते ते बघा. मग पहिला गिअर, रेस एकसारखी, क्लचवरचा पाय पूर्ण काढलेला, आणि मध्ये थांबायचं नाही.

४,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा चाळीसेक टक्के कमी असतो. टर्बो नसलेलं इंजिन तिथे सुस्तावतं. तो बिघाड नाही. चढावर एक गिअर खाली ठेवा. स्टेपनीत हवा आहे का हे मात्र घरीच बघा.

८. पेट्रोल पंप कुठे आहेत?

रामपूरला, किन्नौरातल्या रेकाँग पिओच्या खाली पोवारीला आणि काझाला. काझानंतर थेट मनाली. मधल्या दोनशे किलोमीटरमध्ये गाडी बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असते, त्यामुळे पुण्यातलं मायलेज विसरा. चंद्रतालला वळणार असाल तर त्याचंही धरा. पोवारी आणि काझा दोन्हीकडे टाकी अर्धी भरलेली असली तरी पूर्ण भरा. रस्ता बंद असला की काझाच्या पंपावर टँकर पोचत नाही.

९. परमिट लागतं का?

भारतीय नागरिकांना स्पिती-किन्नौरच्या या रस्त्यासाठी परमिट लागत नाही. आधार किंवा मतदार ओळखपत्र, गाडीची कागदपत्रं, पीयूसी आणि विमा जवळ ठेवा; सुमदोच्या नाक्यावर नोंद होऊ शकते. रोहतांगचं परमिट फक्त रोहतांग खिंडीवरून जाणाऱ्यांना लागतं. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून आलात-गेलात तर त्याची गरज नाही. परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी पुढचा प्रश्न.

१०. भाचा अमेरिकन नागरिक आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे. त्यालाही परमिट नको ना?

त्याला लागेल. ओसीआय कार्डाने (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) व्हिसाचा प्रश्न सुटतो, संरक्षित क्षेत्राचा सुटत नाही. रेकाँग पिओ आणि काझा यांच्यामधला सीमेलगतचा पट्टा, ज्यात नाको येतं, त्यासाठी परदेशी नागरिकांना वेगळी परवानगी काढावी लागते. ती शिमला, रेकाँग पिओ किंवा काझा इथल्या प्रशासनाच्या कार्यालयात मिळते. कार्यालय रविवारी बंद, म्हणून पिओला शनिवारी संध्याकाळी पोचायचा बेत आखू नका. पासपोर्ट, ओसीआय आणि फोटोंच्या प्रती घरूनच काढून न्या. लहान मुलाच्या नावावर परदेशी पासपोर्ट असेल तर त्यालाही हेच लागू. मनालीकडून काझाला येऊन तिकडेच परतणाऱ्यांना हा पट्टा लागत नाही, पण मग उंचीचा प्रश्न उभा राहतो (प्रश्न ४).

११. चंद्रतालला तळ्याकाठी तंबू टाकता येतो का?

नाही. चंद्रताल २००५ पासून रामसर यादीतलं पाणथळ आहे आणि काठावर मुक्कामाला बंदी आहे. तंबूंचे तळ दोन-तीन किलोमीटर अलीकडे आहेत. गाडीही काठापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा पायी. बातलजवळच्या फाट्यापासून तळ्याकडचा रस्ता अरुंद आणि एकेरी आहे. समोरून गाडी आली तर एकाला मागे जावं लागतं, आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम आहे.

तळ्याची उंची ४,२५० मीटर आहे, म्हणून काझाला तीन रात्री काढलेल्यांनीच तिथे झोपावं. मनालीहून आल्या आल्या पहिलाच मुक्काम चंद्रतालला करणं हा या फेरीतला सर्वांत वाईट बेत आहे, आणि तो सर्रास विकला जातो. जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ पडून सुमारे तीनशे पर्यटक तिथे अडकले होते. रस्त्यावरचं बर्फ हटवून त्यांना काढावं लागलं. आभाळ भरून आलेलं दिसलं तर तळं सोडा आणि सरळ खाली उतरा.

१२. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर काय करायचं?

थांबायचं. दोन कोरे दिवस यासाठीच. किन्नौरातले डोंगर ठिसूळ आहेत आणि सतलजच्या कडेने रस्ता कडा फोडून काढलेला आहे. २०२१ मध्ये सांगल्याजवळ बटसेरीला २५ जुलैला आणि राष्ट्रीय महामार्गावर निगुलसरीला ११ ऑगस्टला दरडी कोसळून माणसं गेली. बटसेरीत त्या दिवशी सापडले ते तुमच्या-आमच्यासारखे फिरायला आलेले लोक होते.

वरून बारीक खडे घरंगळताना दिसले तर त्या तुकड्यात शिरू नका, आणि शिरलाच असाल तर फोटोसाठी थांबू नका. रात्रभर पाऊस झाला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं उशिरा, एखादी बस समोरून आल्यावर निघा. रांगेत उभं राहावं लागलं तर गाडी कड्याखाली नको, मोकळ्या जागी लावा. मशीन यायला दोन तासही लागतात, दोन दिवसही. त्या वेळात 'पलीकडून एक कच्चा रस्ता आहे' असं सांगणारा कुणी भेटतोच. त्याच्या मागे जाऊ नका.

रस्ता दोन दिवसांहून जास्त बंद राहणार असं दिसलं आणि तुम्ही नाकोच्या अलीकडे असाल, तर कल्पा, सांगला, सराहनमध्ये उरलेले दिवस घालवून परत फिरा. पलीकडे असाल तर कुंझुमकडून निघण्याचा पर्याय असतो.

१३. उंचीचा त्रास कसा ओळखायचा? गोळी घेऊन जावं का?

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवात. इतपत त्रासात आहे तिथेच थांबायचं, पाणी प्यायचं, दारू आणि झोपेची गोळी टाळायची. बरं वाटेपर्यंत वर चढायचं नाही. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप, खोकल्यातून फेस येणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. डायमॉक्स डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळता येत नाहीत.

आता खरा अवघड भाग: खाली म्हणजे कुठे? काझात कुणी आजारी पडलं की लोक 'मनालीला नेऊ' म्हणतात. पण मनालीच्या वाटेवर आधी कुंझुम आहे, म्हणजे आजारी माणसाला आठशे मीटर आणखी वर चढवणं. काझात आधी सरकारी रुग्णालय गाठा, ऑक्सिजन मिळतो. उतरवायचंच झालं तर ताबोच्या दिशेने उतरवा. चंद्रतालला त्रास झाला तर उलट: काझाकडे परतू नका, कारण मध्ये पुन्हा कुंझुमच आहे. बातल, छत्रूवरून मनालीकडे उतरा.

१४. आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना न्यावं का?

कल्पापर्यंत बिनघोर, एरवी प्रकृती ठीक असेल तर. त्यापुढे हृदयाचा, फुप्फुसांचा किंवा ताब्यात नसलेल्या रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको. आम्ही अशा कुटुंबांना मेसारखीच, काझाहून परत फिरणारी फेरी सुचवतो. कुंझुम आणि चंद्रताल गाळायचं. फार लहान मुलांना घेऊनही हेच करा: काय होतंय ते त्यांना सांगता येत नाही.

१५. नेटवर्क आणि पैशांचं काय?

लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, हिमाचलात चालतं. इथे ती भीती नाही. काझा आणि ताबोला बीएसएनएल आणि जिओ बरं चालतं. लोसर सोडलं की कोकसरपर्यंत फोन बंदच समजा. म्हणून काझाहून निघताना घरी 'आज रात्रीपर्यंत फोन लागणार नाही' असं सांगून निघा, नाहीतर घरचे कासावीस होतात. परदेशातून येणाऱ्यांनी उपग्रह फोन किंवा तसं संदेशाचं यंत्र आणू नये. भारतात ते विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे.

काझात एटीएम आहे, पण त्यात नोटा असतीलच असं नाही. यूपीआय नेटवर्कवर अवलंबून. होमस्टे, पंक्चर आणि एखाद्या अडलेल्या दिवसाला पुरेल इतकी रोख शिमल्यातच काढा.

१६. शुद्ध शाकाहारी आहोत. खाण्याचे हाल होतील का?

होणार नाहीत. डाळ, भात, राजमा, पोळी, बटाटा, आणि हंगामात स्पितीचा गोड मटार सगळीकडे मिळतो. थुक्पा आणि मोमो भाजीचे मागता येतात. काझाच्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्याही खाली उकळतं, त्यामुळे डाळीला वेळ लागतो. होमस्टेला जेवण आधी सांगून ठेवा. गाडीत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि दशम्या ठेवा, अडकलेल्या दुपारी त्याच उपयोगी पडतात. बातलच्या ढाब्यावर राजमा-चावल मिळाला तर पुढे कुठे जेवण मिळेल याचा विचार न करता खाऊन घ्या.

१७. मठांत आणि गावांत काय पाळावं?

ताबोचा मठ इ.स. ९९६ चा आहे आणि मातीच्या भिंतींवरची चित्रं अजून टिकून आहेत. आत फोटो काढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. अंधार असतो, छोटी विजेरी न्या, पण तिचा झोत चित्रांवर रोखून धरू नका. स्तूप आणि मणीच्या (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) भिंती उजव्या हाताला ठेवून जायचं.

लांगझाच्या आसपास समुद्री जिवांचे जीवाश्म सापडतात. मुलं ते विकायला आणतात. घेऊ नका, उचलूही नका. त्याऐवजी हिक्कीमच्या टपाल कार्यालयातून स्वतःच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाका. ड्रोन न्यायचा विचार असेल तर सीमा जवळ आहे हे लक्षात ठेवा आणि प्रशासनाला विचारल्याशिवाय उडवू नका.

१८. हिवाळ्यात, हिमबिबट्यासाठी जायचं आहे. स्वतः गाडी चालवत जाऊ का?

नको. जानेवारी ते मार्च हा किब्बर परिसरात हिमबिबट्या दिसण्याचा काळ, पण तेव्हा कुंझुम बंद असते, शिमल्याकडच्या रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा थर असतो आणि साधं डिझेल थंडीने घट्ट होतं. चाकांना साखळ्या लावता येणारा स्थानिक चालक आणि त्याचीच गाडी घ्या. नळाचं पाणी गोठलेलं असतं. होमस्टेत कोरडा संडास वापरावा लागेल, हे बरोबरच्यांना निघण्याआधी सांगून ठेवा.